म्हातारे रॉकबँड स्टेडियम भरतात, मग शिरूर-दौंडच्या जत्रेतला जुना तमाशा फड का अडखळतो?

१७ मे २०२५. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स. स्टेजवर गन्स अँड रोझेस. गाणारा ॲक्सल रोझ ६३ वर्षांचा, गिटारवाला स्लॅश साठीला टेकलेला. हा बँड याआधी भारतात आला होता २०१२ मध्ये, पण तेव्हा स्लॅश बँडमध्ये नव्हता. म्हणजे ज्यांनी कॉलेजात असताना या बँडच्या कॅसेटी झिजवल्या, त्यांना दोघांना एका स्टेजवर बघायला पन्नाशी गाठावी लागली.

आता या कॉन्सर्टच्या महिनाभर आधी चला पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात. शिरूर आणि दौंड. चैत्र लागलेला, ऊस तुटून गेलेला, गावोगावी यात्रा सुरू. पालखी, छबिना, कुस्त्यांचा आखाडा आणि रात्री तमाशा. इथंही प्रेक्षकात एक पिढी अशी बसलेली असते, जिला स्टेजवरच्या नव्या गाण्यांशी देणंघेणं नसतं. त्यांना हवी असते जुनी गवळण, सोंगाड्याची बतावणी आणि झुंजूमुंजू होईपर्यंत चालणारा वग.

दोन्हीकडं भावना तीच. मग रॉकबँड या आठवणींवर कोट्यवधी कमावतात आणि आपला फडमालक मात्र कर्जात का असतो?

उत्तर एका साध्या प्रश्नात आहे. आठवण कुणाची आणि पैसे कुणाचे?

आधी रॉकबँडचं गणित समजून घेऊ

माणसाला आयुष्यभर सगळ्यात पक्की गाणी कुठली आठवतात? साधारण वयाच्या दहाव्या वर्षापासून ते पंचवीस-तिशीपर्यंत ऐकलेली. मानसशास्त्रात याला 'रेमिनिसन्स बंप' म्हणतात, म्हणजे आठवणींचा उंचवटा. पहिलं प्रेम, पहिली नोकरी, मित्रांबरोबरचं भटकणं हे सगळं याच वयात होतं, आणि त्या काळची गाणी त्याला चिकटून बसतात.

पाश्चात्त्य संगीताच्या धंद्यानं हा उंचवटा बरोबर ओळखला. विशीतला चाहता कफल्लक असतो. तोच पन्नाशीत गेला की त्याच्याकडं घर असतं, गाडी असते, हातात पैसा असतो. २०२४ मध्ये रोलिंग स्टोन्सनं अमेरिकेत टूर काढली, तेव्हा मिक जॅगर ८० वर्षांचा होता आणि टूरची प्रायोजक होती एएआरपी. ही संस्था काम करते पन्नाशीच्या पुढच्या लोकांसाठी! ओएसिसचे भाऊ २००९ मध्ये भांडून वेगळे झाले, ते ४ जुलै २०२५ ला कार्डिफमध्ये पुन्हा एकत्र स्टेजवर आले. तिकिटांसाठी लोकांच्या उड्या पडल्या.

थोडक्यात, तिथं ज्याची आठवण आहे तोच तिकीट काढतो. आठवण आणि पाकीट एकाच खिशात.

आपल्याकडचा टूरवर जाणारा बँड म्हणजे ढोलकी फड

तमाशाचे दोन प्रमुख प्रकार. एक संगीत बारी, दुसरा ढोलकी फड. संगीत बारी एका जागी, थिएटरात चालते. तिथं अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि आळीपाळीनं स्टेजवर येतात, म्हणून 'बारी'. ढोलकी फड मात्र फिरता. ट्रक, तंबू, कनाती, जनरेटर, स्वयंपाकाची भांडी असा सगळा संसार घेऊन गावोगाव जाणारा. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं असतात.

दसऱ्याला फड बाहेर पडतात. काही महिने तंबू ठोकून तिकिटावर खेळ करतात. मग चैत्रात यात्रा सुरू झाल्या की सुपाऱ्यांचा हंगाम. गुढीपाडव्याच्या सुमाराला शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच तिथं येतात, कलाकार कोण, गाणी कुठली, पैसे किती हे ठरवून तारीख पक्की करतात. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव.

फडाच्या खेळाचा जुना क्रम ठरलेला होता. आधी गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. वग म्हणजे पूर्ण नाटकच. राजा-राणीचा, दरोडेखोराचा, सामाजिक. दादू इंदुरीकरांचं 'गाढवाचं लग्न' हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण.

आणि फडांची नावं बघा. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर'. 'मंगला बनसोडे सह नितीनकुमार बनसोडे'. कांताबाई आई, रघुवीर मुलगा. मंगलाताई विठाबाईंची मुलगी, नितीनकुमार मंगलाताईंचा मुलगा. बोर्डावर जुनं नाव ठेवायचं, कारण जुना प्रेक्षक त्या नावावर येतो, आणि शेजारी नवं नाव जोडायचं. रॉकबँड वेगळं काय करतात? निम्मी माणसं बदलली तरी बँडचं नाव तेच राहतं.

शिरूर-दौंडचा यात वाटा काय?

शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे गाव घ्या. गंगाराम कवठेकर इथले तमाशा कलावंत. बशीर मोमीन कवठेकरही इथलेच. त्यांनी अनेक फडांना गवळणी, लावण्या आणि वगनाट्यं लिहून दिली. राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार या दोघांनाही मिळाला. तमाशातला राज्याचा सगळ्यात मोठा सन्मान एकाच गावात दोनदा!

शिरूरहून न्हावरामार्गे दक्षिणेला निघालात की रस्ता दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर महामार्गाला छेदतो. तो छेद म्हणजे चौफुला. लावणीच्या कलाकेंद्रांसाठी हे नाव महाराष्ट्रभर माहीत आहे. शिरूर तालुक्यात सणसवाडीलाही कलाकेंद्र आहे. म्हणजे यात्रेत फिरता फड आणि महामार्गावर संगीत बारी, असे दोन्ही प्रकार या दोन तालुक्यांत नांदतात.

तीन गुढीपाडव्यांची गोष्ट

फडाचं वर्षाचं उत्पन्न चैत्र-वैशाखाच्या यात्रांवर उभं असतं. आता तारखा बघा.

२५ मार्च २०२०, गुढीपाडवा. त्याच दिवशी देशभर लॉकडाऊन सुरू झाला. यात्रा रद्द, सुपाऱ्या रद्द.

१३ एप्रिल २०२१, गुढीपाडवा. त्याच संध्याकाळी राज्यात दुसऱ्या लाटेचे कडक निर्बंध जाहीर झाले. पुन्हा यात्रा रद्द.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. राज्यातले निर्बंध उठले आणि दोन वर्षं बंद पडलेले फड पुन्हा यात्रांना लागले.

दोन हंगाम जाणं म्हणजे नेमकं काय? फडमालक हंगामाआधी कलाकारांना उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे. ती रक्कम तो बऱ्याचदा सावकाराकडून उचलतो आणि सुपाऱ्यांच्या पैशातून फेडतो. सुपारी गेली की उचल अडकली, व्याज मात्र चालू. कलाकाराला घर चालवायला मजुरी शोधावी लागली.

आणि त्या मधल्या काळात माणसं गेली ती वेगळीच. मे २०२१ मध्ये कांताबाई सातारकर गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये बशीर मोमीन कवठेकर गेले. फड परत रस्त्यावर आले तेव्हा जुन्या प्रेक्षकाला जी माणसं बघायची-ऐकायची होती, त्यातली काही राहिलीच नव्हती.

मग गाडी अडते कुठं?

पहिलं कारण, पाकीट. यात्रेतला तमाशा गावाला फुकट असतो. पैसे देते यात्रा कमिटी, लोकवर्गणीतून. आता कमिटीची बैठक डोळ्यासमोर आणा. देवळाच्या ओट्यावर सत्तरीतले आबा म्हणतात, "औंदा वगवाला फड आणा." समोर पंचवीस-तिशीतली पोरं बसलेली असतात. वर्गणी गोळा करणारी तीच, फ्लेक्स लावणारी तीच आणि रील टाकणारीही तीच. त्यांना हवा असतो ऑर्केस्ट्रा, डीजे किंवा गौतमी पाटीलसारखा डान्स शो. आबांची आठवण खरी असते, पण वर्गणीच्या वहीवर हात त्यांचा नसतो.

इथंच रॉकबँडचं गणित उलटतं. तिकडं जुना चाहता गिऱ्हाईक आहे, इकडं तो फक्त आग्रह करू शकतो.

दुसरं कारण, घड्याळ. हे कुणाच्या लक्षातच येत नाही. पूर्वी माणसं बैलगाडीनं यात्रेला यायची. रात्री परत जायची सोय नाही, त्यामुळं तमाशा पहाटेपर्यंत चालला तर उलट बरंच. वगाची बांधणीच त्या रात्रीच्या मापानं झालेली. मग आले २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातल्या मोजक्या दिवसांना, जास्तीत जास्त १५, मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. आजारी माणसं, परीक्षेची पोरं यांचा विचार केला तर नियम योग्यच आहे. पण आठ तासांचा खेळ दोन-तीन तासांत बसवायचा तर कात्री कशाला लागणार? वगालाच. गाणी ठेवली की पब्लिक शिट्ट्या मारतं, वग ठेवला तर तो मध्येच तुटतो.

गावात ज्याला 'हजेरी' म्हणतात, तो दुसऱ्या दिवशीचा दिवसाचा खेळ काही ठिकाणी अजून होतो. तिथं घड्याळाची भीती नसते. जुनी मंडळी हजेरीला आवर्जून बसतात त्याचं हेही एक कारण.

तिसरं कारण, हातातला मोबाईल. पूर्वी लावणी बघायची तर यात्रेचीच वाट बघावी लागायची. वर्षभराची ती भूक होती. आता तेच गाणं खिशात आहे. रॉकबँडसमोरही हीच अडचण आली, पण 'प्रत्यक्ष बघणं' त्यांनी महाग करून विकलं. फुकटच्या यात्रेत ते विकता येत नाही.

एक वाट चौफुल्यासारख्या ठिकाणांवरून निघते

भूषण कोरगावकर यांनी संगीत बारीतल्या कलावंतांचं जगणं 'संगीत बारी' या पुस्तकात मांडलं. सावित्री मेधातुल यांनी त्याच विषयावर 'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट केला. पुढं त्यातून 'संगीत बारी' नावाचा रंगमंचीय प्रयोग उभा राहिला. शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या ज्येष्ठ कलावंत त्यात बैठकीची लावणी करतात. तीत नाचण्याच्या वेगापेक्षा अदाकारी मोठी. बसल्या जागी भुवई, मान आणि बोटं बोलतात. इथं वय आड येत नाही, उलट कामाला येतं.

आणि प्रेक्षक? नाट्यगृहात तिकीट काढून आलेला. त्यात बायका मोठ्या संख्येनं असतात. ज्या बाईला आजोळच्या यात्रेत तमाशाच्या तंबूकडं बघायचीही मुभा नव्हती, ती आज पहिल्या रांगेत बसून दाद देते. ही आठवण थोडी वेगळी, जे बघायचं राहून गेलं त्याची.

म्हणजे रॉकबँडचं गणित इथं जुळतं. ज्येष्ठ कलाकार, जाणता प्रेक्षक, तिकिटाचा पैसा. अडचण एवढीच, की यात दहा-बारा माणसांचं पोट भरतं. शंभर माणसांचा फड नाट्यगृहात मावत नाही.

नुसती हळहळ पुरत नाही

जुन्या तमाशाबद्दल बोलताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. प्रेक्षकासाठी ती रम्य रात्र होती, कलाकारासाठी मजुरीचा दिवस. फडातली बहुतेक माणसं गावकुसाबाहेरच्या समाजातली. रात्री स्टेजवर राजा झालेल्याला सकाळी गावात राजासारखं कुणी वागवलं नाही. त्यामुळं 'तो काळ परत यावा' असं कलाकाराला वाटेलच असं नाही. त्याला हवी असते वेळेवर सुपारी, ठरलेले पूर्ण पैसे आणि म्हातारपणी मानधन.

तेव्हा तुमच्या गावची यात्रा जवळ आली असेल आणि घरात एखादे आबा जुन्या फडाच्या आठवणी काढत असतील, तर वर्गणीच्या बैठकीला त्यांना सोबत घेऊन जा. रात्रीचा खेळ पोरांच्या आवडीचा ठेवा, पण त्याच फडाला हजेरीत तासाभराचा वग करायला सांगा आणि त्याचे पैसे वेगळे द्या. घड्याळाचा नियम मोडत नाही, फडाला दुसऱ्या खेळाचे पैसे मिळतात आणि आबांनाही त्यांचा वग बघायला मिळतो.

मुंबईत तिकीट काढणाऱ्या पन्नाशीतल्या माणसानं तरी दुसरं काय केलं? आपल्या आठवणीची किंमत त्यानं स्वतः मोजली.