केडगावची बादली

गेल्या महिन्यात एका नातेवाइकांच्या घरी प्रार्थनासभा होती. सभा संपली, चहा-पोहे आले, आणि एक तरुण मुलगा खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला. मुलगा लाघवी, आवाज खणखणीत. माझ्या कानातल्या मशीनकडे बघून म्हणाला, "आजी, देव बदलत नाही हे तुम्ही मानता ना? मग ज्या प्रभूनं त्या काळी बहिऱ्याला बरं केलं, तो आजही करेल. फक्त विश्वास पाहिजे. हे मशीन काढून ठेवा बघू!"

मी "बरं हं बाळा" म्हटलं आणि विषय पोह्यांवर आणला. मशीन काही काढलं नाही. रात्री मात्र ते नेहमीप्रमाणे उशाशी ठेवलं, सगळं शांत शांत झालं, आणि त्याचं बोलणं पुन्हा आठवलं. सत्तरी ओलांडल्यावर कमी ऐकू येण्याचं फारसं दुःख नसतं. पण आपला विश्वासच कमी पडला असं कुणी सुचवलं, की ते लागतं.

जे वाचक ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडचा हा वाद फार जुना आहे. देव बदलत नाही, हे सगळ्यांनाच मान्य. भांडण पुढच्या वाक्यावर. एक पक्ष म्हणतो, तो बदलत नाही म्हणून चमत्कारही थांबलेले नाहीत. दुसरा म्हणतो, देवाचा स्वभाव बदलत नाही, पण त्याची काम करण्याची रीत काळाप्रमाणे वेगळी असू शकते. प्रेषितांच्या काळी चमत्कारांची गरज होती, ती आता संपली.

चौथ्या-पाचव्या शतकातले संत ऑगस्टीन आधी दुसऱ्या पक्षाचे होते. लोकांना चमत्कारांची सवय लागू नये म्हणून ते थांबले, असं त्यांनी तरुणपणी लिहिलं. उतारवयात लिहिलेल्या 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या २२व्या भागात मात्र त्यांनी स्वतःच्या काळातल्या चमत्कारांची यादीच दिली. हिप्पो गावात दोन वर्षांच्या आत सत्तरएक घटनांची नोंद झाल्याचं सांगितलं. म्हणजे देव बदलत नाही, पण संतांची मतं बदलतात! उलट अमेरिकेत प्रिन्स्टनचे प्राध्यापक वॉरफिल्ड यांनी १९१८ साली पुस्तक लिहून ठामपणे मांडलं, की चमत्कार प्रेषितांबरोबरच संपले. त्यांची पत्नी वर्षानुवर्षं आजारी होती आणि पुस्तकाच्या तीन वर्षं आधी वारली होती.

असो. मला हा वाद हिप्पो आणि प्रिन्स्टनपेक्षा आपल्या केडगावात जास्त समजतो. पुण्याहून दौंडकडे जाताना लागतं ते केडगाव, पंडिता रमाबाईंचं.

रमाबाईंनी चमत्काराची वाट पाहणं लहानपणीच अनुभवलं होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. दुष्काळ पडला, जवळचं सगळं संपत आलं, तरी हे कुटुंब तीर्थक्षेत्री जप, उपास, दानधर्म करत राहिलं, कारण देव काहीतरी करील ही आशा. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण. रमा तेव्हा सोळा वर्षांची. हे मी कुठल्या धर्माला नावं ठेवायला सांगत नाही. तशीच वाट पाहणारे आमच्यातही पुष्कळ आहेत.

पुढे १८८३ साली त्या डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. पण रमाबाईंना नीट ऐकू येत नसे आणि त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण म्हणून त्यांनी सगळं डोळे झाकून मानलं नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने छापला गेला. त्यात ही विशी-पंचविशीतली मुलगी त्रैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत एकेक गोष्ट घेऊन वाद घालते. माझ्या बुद्धीला आणि सद्सद्विवेकाला पटल्याशिवाय मानणार नाही, हा त्यातला सूर.

अशा चिकित्सक बाईंच्या दारात १९०५ साली काय घडलं, ते पाहा.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेग, त्यामुळे मुक्काम केडगावला. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. वेल्समधल्या धार्मिक जागृतीच्या बातम्या आल्या आणि १९०५ च्या सुरुवातीला काही मुली रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या. त्यांची संख्या जूनपर्यंत साडेपाचशेवर गेली. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्याचा अनुभव आला. शेजारच्या मुलीला ती खरंच पेटलेली दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार तेवढ्यात लक्षात आलं, आग नाहीच!

पुढचे कित्येक महिने रडणं, पापांची कबुली, तासन् तास प्रार्थना चालली. १९०६ च्या अखेरीस काही मुली अन्य भाषांत बोलू लागल्या. तिथल्या मिनी एब्रम्स यांची याविषयीची पुस्तिका पार दक्षिण अमेरिकेत चिलीला पोचली आणि तिथे १९०९ साली मोठी चळवळ उभी राहिली. केडगावची ठिणगी चिलीपर्यंत!

रमाबाईंनी या मुलींची टिंगल होऊ दिली नाही. देव आजही काम करतो, ही त्यांची श्रद्धा होती. पण त्या स्वतः कधी अन्य भाषा बोलल्या नाहीत, आणि जिला हे येत नाही तिचा विश्वास अपुरा, असंही म्हणाल्या नाहीत. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे : त्यांचे कान बरे झाले नाहीत. दोन हजार माणसं प्रार्थना करत असलेल्या त्या आवारात त्या शेवटपर्यंत कमी ऐकू येणाऱ्याच राहिल्या. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा चाळिशीत गेली. तिच्यासाठी प्रार्थना झाली नसेल का हो? तरी रमाबाई आपल्या मराठी बायबलच्या कामाला बसल्या, आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. बायबल १९२४ साली बाहेर पडलं. यांचा विश्वास कमी होता, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

मग मी पवित्र शास्त्र उघडून ती वचनं पुन्हा वाचली. शाळेत मुलांना सांगायचे, की वाक्य एकटं वाचू नका, मागचं-पुढचं वाचा. मलाखीच्या पुस्तकात देव स्वतः सांगतो की मी बदलत नाही, तिथे लगेच येतो तो लोकांचा नाश न झाल्याचा उल्लेख. इब्री लोकांस पत्रात ख्रिस्त नित्य तोच असल्याचं म्हटलंय, त्याच्या अगदी आधी पूर्वीच्या पुढाऱ्यांचा विश्वास आठवायला सांगितलंय. दोन्हीकडे मुद्दा देवानं साथ न सोडण्याचा आहे. काल जे केलं तेच आज प्रत्येकासाठी करीन, असा करार तिथे नाही. पौलानं तर आपल्या शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनंती केली, आणि काटा राहिला.

चमत्कार होत नाहीत, असं म्हणायला मी धजत नाही. कुणी बरा झाला तर मी आनंदानं आभार मानीन. पण न झालेल्या माणसाच्या विश्वासाचं माप काढायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मला राहून राहून ती बादलीवाली मुलगी आठवते. तिचं नाव मला ठाऊक नाही. शेजारीण पेटली असं वाटल्यावर तिनं स्वर्गाची आग की चुलीची, याचा विचार केला नाही. आधी पाणी आणलं. पवित्र आत्म्याच्या कामात तिनं विघ्न आणलं, असं कुणी म्हटलं नाही. दुष्काळात उपाशी मुली उचलून आणणाऱ्या रमाबाईंचीच ती लेक शोभते. माझ्या कानातलं मशीनही त्या बादलीच्याच जातीचं आहे, असं मी आता मानते.

पुढच्या सभेत तो मुलगा भेटला, की त्याला केडगावला घेऊन जायचा विचार आहे. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. फोन केलात तर मात्र जरा मोठ्यानं बोला.