पणजोबांची बहीण

झेन ग्रे न्यूयॉर्कमधला दंतवैद्य. प्रकाशक मिळेना, म्हणून १९०३ साली त्यानं ‘बेटी झेन’ ही पहिली कादंबरी स्वतःच छापली. बेटी त्याच्या पणजोबांची बहीण. १७८२मध्ये ओहायोकाठच्या फोर्ट हेन्रीला वेढा पडला असताना तिनं गोळ्यांच्या माऱ्यातून धावत बंदुकीची दारू किल्ल्यात आणली, अशी घरातली कथा. वेढ्यात हजर असलेल्या लिडिया बॉग्जनं मात्र १८४९मध्ये शपथेवर सांगितलं, की दारू आणली मॉली स्कॉटनं. ग्रेनं अर्थातच घरची बाजू घेतली! मला बेटीपेक्षा तिचा भाऊ आयझॅक खिळवून ठेवतो. लहानपणी पळवलेला, वायंडॉट जमातीत वाढलेला, त्यांच्या प्रमुखाच्या मुलीशी लग्न केलेला. वेढा घालणाऱ्यांत वायंडॉटही होते.