१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

एकवीस अंकी विषम संयुक्त संख्या. दोनाच्या सदुसष्टाव्या घातातून एक वजा केला की ही मिळते, म्हणून तिची गणना मेर्सेन संख्यांमध्ये होते. द्विमान पद्धतीत लिहिली तर नुसते ६७ एके. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढे दर घराला दुप्पट, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते; पटाला आणखी तीन घरे असती, तर दाण्यांची बेरीज नेमकी एवढी भरली असती.

१ आणि ती स्वतः सोडल्यास तिला दोनच भाजक आहेत: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. दोन्ही मूळ संख्या.

संख्या प्रसिद्ध झाली ती एका चुकीमुळे. फ्रान्समधील संन्यासी मारँ मेर्सेन याने १६४४ मध्ये २५७ पर्यंतचे कोणते घातांक अशा रीतीने मूळ संख्या देतात याची यादी छापली, आणि तीत ६७ घातला. (२५७ ही चुकला, ६१, ८९ आणि १०७ मात्र राहून गेले.) २३२ वर्षांनी, १८७६ मध्ये, एदुआर ल्यूका याने ही संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध केले, पण एकही अवयव न देता. भाजक हाती नसताना संख्या फुटते हे कसे कळावे? ल्यूकाच्या कसोटीचे आजचे रूप असे: ४ घ्या, वर्ग करून २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवा, हेच ६५ वेळा करा. शेवटी शून्य उरले तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. अवयवांचा यात कुठेही संबंध येत नाही. फर्माच्या सिद्धान्तावर बेतलेली सोपी चाचणी २ हा पाया घेऊन लावली, तर मात्र ही संख्या मूळ असल्याचे सोंग बेमालूम वठवते.

अवयव शोधणे हे वेगळेच दुखणे. या संख्येचा कोणताही मूळ भाजक १३४ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असावा लागतो, आणि त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते. चाळणी चांगली आहे. तरीही लहान भाजक १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीपाशी बसलेला. कोलंबिया विद्यापीठातील फ्रँक नेल्सन कोल याने वर्गशेषांच्या आधारे उमेदवार आणखी गाळत तो गाठला आणि ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत मांडला. फळ्यावर एकीकडे घात, दुसरीकडे गुणाकार, तोंडातून अवाक्षर नाही आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट, ही हकीकत एरिक टेंपल बेल याने पुढे लिहिली. शोधाला ‘तीन वर्षांचे रविवार’ लागले, हे कोलचे उत्तरही त्याच्याकडूनच कळते. बेल गोष्टी रंगवण्यात पटाईत होता, तेव्हा टाळ्यांचा आवाज थोडा कमी धरावा.

गुणाकार खरोखरच फळ्यावर मावण्याजोगा आहे. लहान भाजकाने मोठ्याला गुणताना शून्य वगळून आठ ओळी पडतात. त्यांत ७ ची ओळ तीनदा आणि १ ची दोनदा येते, म्हणजे नव्याने मांडायच्या ओळी पाचच. ताळा नवाच्या बाकीने पाहावा: पहिल्या भाजकाच्या अंकांची बेरीज ३७, दुसऱ्याची ६४, गुणाकाराची १०९, तिन्हींची बाकी १. नवाचा ताळा अंकांची अदलाबदल पकडत नाही, म्हणून ११ चाही घ्यावा.