न दिसणाऱ्या जखमेचा शोध

महाराष्ट्रांतील कित्येक खेड्यांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतींत बसविलेली एक लहानशी शिला पाहावयास मिळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धांत या गांवांतून किती माणसें गेलीं आणि त्यांपैकीं किती कामास आलीं, एवढे दोनच आकडे तीवर कोरलेले असतात. पहिल्यांतून दुसरा वजा केला कीं उरले ते सुखरूप परतले, असें वाचणाऱ्यास सहज वाटतें. परंतु हा ‘सुखरूप’ शब्द फार फसवा आहे. युद्धावरून धडधाकट परतलेला मनुष्य मध्यरात्रीं किंचाळून उठतो, दार आपटल्याबरोबर थरथर कांपतो, घरच्या माणसांतहि परक्यासारखा वावरतो, हा अनुभव अनेक देशांनीं घेतला आहे. या व्याधीस आजचें वैद्यक ‘आघातोत्तर तणाव विकार’ असें म्हणतें. ती कां जडते, या प्रश्नाचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. कारण त्याच्या उत्तरावर अनेकांची भाकरी, अब्रू आणि प्रसंगीं जीवहि अवलंबून राहिला.

या शोधास चालना मिळाली ती आगगाडीच्या अपघातांतून. लंडनचे शस्त्रवैद्य एरिक्सन यांनीं १८६६ सालीं असें प्रतिपादिलें कीं, अपघातांतून वरवर निभावलेल्या प्रवाशांस पुढें निद्रानाश, विस्मृति इत्यादि जी पीडा होते, तिचें मूळ पाठीच्या कण्यास बसलेल्या हिसक्यांत आहे. हें मत मान्य झाल्यास रेल्वे कंपन्यांस नुकसानभरपाई द्यावी लागे. म्हणून वाद न्यायालयांत गाजला. १८८३ सालीं हर्बर्ट पेज यांनीं त्या मताचें खंडन केलें. कण्यास इजा नसतांहि केवळ भयानें हीं लक्षणें उद्भवूं शकतात, असें त्यांचें म्हणणें होतें. पेज हे स्वतः एका रेल्वे कंपनीचे शस्त्रवैद्य! धन्याच्या हिताचें बोलतां बोलतां ते सत्याच्या अधिक जवळ गेले, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

पुढें महायुद्ध आलें. १९१५ सालीं चार्ल्स मायर्स यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत तीन शिपायांची हकीकत प्रसिद्ध केली. जवळच तोफगोळे फुटल्यानंतर त्यांची स्मृति, दृष्टि आणि वास व चव यांचें ज्ञान बिघडलें होतें. ‘शेल शॉक’ हा शब्द या लेखामुळें रूढ झाला. गोळ्याच्या हादऱ्यानें मज्जासंस्थेस इजा होते, ही कल्पना सोपी व सोयीची होती. पण रुग्ण वाढत गेले तसें खुद्द मायर्स यांस दिसून आलें कीं, पुष्कळांजवळ गोळा फुटलाच नव्हता. मग दोष कोणाचा? गोळ्याचा नाहीं, तर शिपायाच्या स्वभावाचा, असें कित्येक सेनाधिकाऱ्यांनीं ठरवून टाकलें. पळून जाणें, भ्याडपणा व तत्सम गुन्ह्यांसाठीं ब्रिटिश व साम्राज्याच्या सैन्यांतील ३०६ जणांस गोळ्या घालण्यांत आल्या. त्यांत मनानें खचलेले रुग्णहि होते, हें मागाहून मान्य झालें, आणि ब्रिटिश पार्लमेंटनें २००६ सालीं त्यांस क्षमा केली. ती स्वीकारावयास अर्थातच त्यांपैकीं कोणी उरला नव्हता.

या काळोखांत ज्यांनीं प्रकाश पाडला त्यांत डॉ. रिव्हर्स हे प्रमुख होत. हे गृहस्थ १९०१-०२ मध्यें निलगिरीवरील तोडा लोकांचा अभ्यास करून गेलेले मानववंशशास्त्रज्ञ. युद्धकाळांत ते एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट इस्पितळांत अधिकाऱ्यांवर उपचार करीत. पुढें विमानदळांतील रुग्ण तपासतांना त्यांस एक चमत्कारिक गोष्ट आढळली. विमान चालविणाऱ्यापेक्षां त्याजबरोबर बसून टेहळणी करणारा अधिक खचे, आणि दोरानें बांधलेल्या फुग्यांत लटकत टेहळणी करणारा सर्वांत अधिक. वैमानिकास संकटांत कांहीं तरी करतां येई; फुग्यांतील मनुष्यास नुसती वाट पाहणें भाग होतें. खंदकांत तोफांच्या माऱ्याखालीं बसून राहणाऱ्या शिपायाची स्थिति हीच. म्हणजे भयाइतकीच असहायता ही या व्याधीची जननी होय. १९१५-१६ सालीं कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत आमच्या मराठा पलटणी १४७ दिवस अडकून पडल्या, उपासमारीनें गांजल्या व शेवटीं तुर्कांच्या कैदेंत गेल्या. रिव्हर्स यांच्या दृष्टीनें तो वेढा वाचला म्हणजे केवळ अन्नाच्या तुटवड्याचा तो इतिहास राहत नाहीं. १९१७ सालीं रिव्हर्स यांनीं दुसरीहि गोष्ट बजावली : झालें गेलें विसरून जा, हा सर्वांच्या तोंडचा सल्ला रोग्यास अपायकारक असतो, दिवसा दाबलेली आठवण रात्रीं परत येते.

युद्ध संपलें आणि हें ज्ञान बहुतांशीं अडगळींत पडलें. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या चळवळीनंतर १९८० सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें या विकारास अधिकृत नांव दिलें. त्यापूर्वीं १९७४ सालीं बर्जेस व होमस्ट्रॉम या दोन विदुषींनीं बलात्काराच्या आघातांतून गेलेल्या स्त्रियांत अशींच लक्षणें वर्णिलीं होतीं. तेव्हां ही एकट्या शिपायांची व्याधि नाहीं हेंहि उघड झालें. आजचें मत असें कीं, भीषण प्रसंग हें मूळ कारण खरें, पण तो अनुभवणाऱ्या बहुतेकांचीं मनें कालांतरानें सावरतात. ज्यांचीं सावरत नाहींत, त्यांच्या बाबतींत तीन गोष्टी वजनदार ठरतात : आघात माणसानेंच हेतुपूर्वक केलेला असणें, पूर्वीं, विशेषतः बालपणीं, सोसलेले घाव, आणि प्रसंगानंतर आधाराचा अभाव. गेलेलें संकट शरीरास अद्याप चालू असल्यासारखें वाटत राहतें, हें या रोगाचें मर्म. स्फोटाच्या हादऱ्यानें मेंदूस प्रत्यक्ष इजाहि होऊं शकते, हें आतां दिसून आल्यानें मायर्स यांची पहिली कल्पनाहि सर्वस्वीं फोल ठरत नाहीं.

कणा, गोळा, स्वभाव असे आरोपी या दीडशे वर्षांत एकामागून एक उभे केले गेले. परतलेल्या मनुष्याचें ऐकून न घेणाऱ्या घराचें व समाजाचें नांव मात्र फार उशिरा पुढें आलें. प्रसंग टाळणें पुष्कळदां कोणाच्याच हातीं नसतें. त्यानंतरचें वर्तन आपल्या हातीं असतें. ‘मन घट्ट कर’ हा उपदेश आमच्या सुशिक्षित कुटुंबांतहि अजून औषधासारखा दिला जातो. चावडीवरील शिलेवर तिसरा आकडा आतां कोणास कोरतां येणार नाहीं. पण आपल्या घरीं कोणी भयंकर प्रसंगांतून परत आला असेल, तर त्यास सुखरूप म्हणण्यापूर्वीं त्याची हकीकत त्याच्या कलानें ऐकून घेणें आपणांस खचित शक्य आहे.