जात्याचे श्रम आणि बादलीभर गरम पाणी

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या गावांत पहाटेचा पहिला आवाज एके काळी जात्याचा असे. बाया जात्यावर बसत, ओव्या म्हणत आणि दिवसाच्या भाकरीपुरते पीठ दळत. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी 1980 च्या दशकापासून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत गोडवा आहे, तसेच कष्टही आहेत. त्या कष्टांचे मोजमाप करता येईल का?

सुदृढ माणूस सलग काम करताना सुमारे 75 वॅट शक्ती देऊ शकतो. म्हणजे दोन तासांच्या दळणात फार तर 150 वॅट-तास, अर्थात 0.15 युनिट ऊर्जा खर्च होते. पुढे तेलावरच्या इंजिनाची आणि मग विजेची चक्की आली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले. शेजारच्या परभणी जिल्ह्यातले येलदरी धरण मात्र 1968 चे. वीज खेड्यांत उशिरा पोचली, पण जाते लवकर मागे पडले. आजची एक अश्वशक्तीची घरघंटी पाव तास चालली, तर मोटरमधील तूट धरूनही सुमारे पाव युनिट वीज लागते. पाव युनिटात एका बाईची पहाट मोकळी झाली! हा सौदा महाग कोण म्हणेल?

1960 च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्याकडच्या वाटणाला पुरेल असा ‘सुमीत’ मिक्सर तयार केला. मिक्सर किंवा सुताराचे ड्रिल यंत्र यांचा वॅटचा आकडा मोठा दिसतो. पण ती मिनिटेच चालतात. बिल वॅटचे येत नाही, वॅट गुणिले तासांचे येते.

आता न्हाणीघरात जाऊ. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 55 अंशांपर्यंत तापवायला किमान 0.6 युनिट ऊर्जा लागते. 75 वॅटच्या हिशेबाने हे एका माणसाचे आठ तासांचे श्रम झाले. एक बादली पाणी म्हणजे दिवसभराची मजुरी!

असे का, याचे उत्तर जेम्स जूल याने 1840 च्या दशकात शोधले. खाली उतरणाऱ्या वजनांनी त्याने पाण्यात पाती फिरवली आणि पाणी किती तापते ते मोजले. एक किलो पाणी एक अंशाने तापवणे म्हणजे तेवढेच वजन सुमारे 427 मीटर उचलणे. आपली बादली 35 अंशांनी तापली, म्हणजे जवळजवळ 15 किलोमीटर, एव्हरेस्टच्या दीडपटीहून उंच गेली!

शिवाय कोळशाच्या वीजकेंद्रात इंधनातील सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा वायाच जाते. उरलेल्या मोलाच्या विजेने आपण पुन्हा उष्णताच करतो. पूर्वी हे काम तांब्याचा बंब करी. त्यात धूर होता, सरपण आणण्याची पायपीट होती. तो परत आणा, असे नव्हे. पण मराठवाड्याच्या उन्हात सौर बंब हे काम विजेवाचून करतो.

तेव्हा काटकसर करायची ती कुठे? बाईचे श्रम वाचवणाऱ्या मोटरवर नव्हे. आधी पाहावे ते तापणाऱ्या उपकरणांकडे. विद्यार्थ्यांना घरच्या प्रत्येक उपकरणावरील वॅटचा आकडा आणि ते रोज किती वेळ चालते, याची नोंद करायला सांगावे. गुणाकार मुलांनीच करावा. आणि शेजारी आणखी एक रकाना आखावा : या यंत्राने घरात कोणाचे श्रम वाचले?