तळटीप : ‘देवाचा दरबार’
रेव्हरंड ना. वा. टिळकांचा ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तशिष्यांचा बंधुवर्ग म्हणजे बाप्तिस्म्याला दिलेली सोडचिठ्ठी, हा आक्षेप पुराव्यावर टिकत नाही. टिळकांनी १८९५ साली मुंबईत स्वतः बाप्तिस्मा घेतला होता. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात दरबार मांडला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तशिष्य एकाच बंधुवर्गात धरले. त्यांचा वाद विधीशी नव्हता. विधीची नोंदवही घेऊन कृपेच्या दारात पहारा करणाऱ्यांशी होता. सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांविरुद्ध पौलाने गलतीकरांना लिहिले ते याच कारणासाठी. उलट बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. बाप्तिस्म्याची आज्ञा शुभवर्तमानात ख्रिस्ताच्याच तोंडी आहे, मग तो मनुष्यकृत नियम कसा? मान्य, पण मिशनचा पगार, मिशनची देखरेख आणि परदेशी रीतभात त्या आज्ञेत कुठे सापडतात? शिस्तीवाचून मंडळी टिकत नाही, ही शंका मात्र रास्त आहे, आणि दरबारापुरती ती अनुत्तरितच राहते : ९ मे १९१९ रोजी टिळक वारले, त्यामुळे त्यांच्या हयातीत या प्रयोगाला जेमतेम दोन वर्षे मिळाली. — संपादक