दोन मिलिमीटरचा आरोपी

मंडळी, हा शनिवार एका खऱ्याखुऱ्या 'बग'पायी गेला! १७६३ साली स्कोपोलीने तळघरातल्या एका इवल्या भुंगेऱ्याला 'डर्मेस्टिस सेलारिस' नाव दिलं, म्हणजे थेट कातडी खाणाऱ्यांत बसवलं. पुढे १७९२ मध्ये हर्बस्टने 'क्रिप्टोफॅगस', म्हणजे 'लपून खाणारा', हे वेगळ्या जातकुळीचं (जीनसचं) नाव काढलं. आपला भुंगेरा आज त्यातच आहे. तो खातो काय, तर बुरशी. या जातकुळीतल्या जाती दिसायला इतक्या सारख्या, की छातीच्या कडेचे दाते बघूनही भागत नाही. बऱ्याचदा नराचं जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं. एवढा खटाटोप कशाला? अहो, कोठारात हा दिसला की धान्य खाल्ल्याचा आळ याच्यावर! खरं तर तो ओलीची वर्दी देतो. नाव चुकलं, की औषध किड्यावर आणि ओल तशीच. आमच्या धंद्यातही हेच होतं की!